सुईखालची माणसं

योगेंद्र मोहतुरेला सुईची भीती वाटायचं काही कारण नव्हतं. तुमसर तालुक्यातल्या मंडयांमध्ये, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांमध्ये, पाच वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या अंगात सुया टोचल्या होत्या. म्हणून फेब्रुवारीत एका सकाळी भंडाऱ्याच्या कारागृहात रक्ततपासणीचं शिबिर लागलं आणि बराकीतले बरेचजण "आपल्याले काय झालं आहे, आपल्याले नाई करा लागत" म्हणत मागं सरकायला लागले, तेव्हा तो सरळ पुढं जाऊन रांगेत उभा राहिला. तेवढंच उन्हात उभं राहायला मिळत होतं. शिवाय बाहेरची चार नवी माणसं दिसली असती. तीन महिन्यांपासून तीच तीच तोंडं पाहून तो कंटाळला होता.

शिबिर जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्याकडून होतं. एचआयव्ही, बी आणि सी कावीळ, गुप्तरोग, असे रक्तातून पसरणारे आजार कोणाला आहेत काय ते पाहायचं, ज्याला असतील त्याच्यावर फुकट उपचार करायचे आणि नाव कोणाला कळू द्यायचं नाही, असं आधीच सांगितलं होतं. ज्याला तपासणी नको असेल त्यानं नाही म्हणायचं, त्यावर कोणी काही बोलणार नव्हतं.

कार्यालयाला लागून असलेल्या एका लहान खोलीत एकेकाला बोलावत होते. आत टेबलामागं रत्नमाला रामटेके बसल्या होत्या. दवाखान्यात समुपदेशक म्हणून त्यांची पंधरा वर्षं झाली होती. चाळिशीच्या, जाड चष्म्याच्या आणि सावकाश बोलणाऱ्या. समोरचा माणूस खून करून आलाय की कोंबडी चोरून, याच्याशी आपल्याला काही घेणंदेणं नाही, असा त्यांचा चेहरा.

"रक्त चढवलं होतं का कधी? ऑपरेशन?"

"नाई जी."

"नशेची इंजेक्शनं?"

"छे. दारू पेलो आहे, तेबी मंडईपुरती."

"अंगावर गोंदवून घेतलंय?"

योगेंद्र हसला. "घेतलं ना. मांडीवर. अन् खरं सांगू का मॅडम, मीच गोंदवतो. मशीन होती माही, बॅटरीवरची."

रत्नमालाबाईंचा पेन थांबला. "सुई किती जणांनंतर बदलायचे?"

"बोथट झाली का बदलायची."

"म्हणजे किती?"

"कवा दहा, कवा पंधरा. मंडईत गर्दी राह्यते, लोक बसू देत नाई. पन पुसून घेत होतो दरखेपी, डेटॉलच्या फडक्यानं."

"आणि शाई?"

"शाईची वाटी एकच."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मग चष्मा काढून म्हणाल्या, "फडक्यानं पुसली की सुई डोळ्याला स्वच्छ दिसते, योगेंद्रभाऊ. पण एकाचं रक्त तिच्या टोकाला आणि त्या शाईत राहतं. त्याच्यात विषाणू असला तर तो तेवढ्यानं मरत नाही. पुढच्याच्या अंगात जातो."

हसू त्याच्या तोंडावर तसंच राहिलं होतं. ते आवरायचं त्याला सुचलं नाही. शेजारच्या टेबलावर लॅबवाल्यानं दंडाला रबर बांधलं, रक्त घेतलं, कापूस दाबायला दिला. तो बराकीत आला आणि भिंतीला टेकून बसला. शेजारच्यानं विचारलं, दुखलं का. तो म्हणाला, नाही.

खरं तर योगेंद्र पेंटर. आंबागडचा राहणारा, हात मोठा वळणदार. तुमसरात गाड्यांच्या नंबरप्लेटा आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचा. एकेकाळी अर्ध्या बाजारातल्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या. मग फ्लेक्स आले आणि पाट्यांचं काम आटत गेलं. तेव्हा एकानं नागपूरहून गोंदवायचं मशीन आणून दिलं. दिवाळी संपली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, दिवसा बाजार आणि मग नाटकं, दंडारीचे खेळ. आकाशपाळण्याच्या बाजूला जागा धरून योगेंद्र खुर्ची टाकायचा. कोणी बायकोचं नाव काढून घ्यायचा, कोणी विंचू, कोणी महादेवाची पिंड, कोणी 'जय भीम'. त्याच्या अक्षराला लोक मान द्यायचे.

तुरुंगात आला तोही ह्याच धंद्यामुळे. परसराम नावाच्या एका गड्यानं दंडावर बायकोचं नाव घालून घेतलं होतं, 'केशर'. योगेंद्रनं घाईत 'केसर' काढलं. सासुरवाडीचे लोक त्याला हसले. पुढच्या मंडईत परसराम दारू पिऊन आला, मशीन लाथेनं उडवलं. योगेंद्रही प्यालेला होता. हाताला खुर्चीचा लोखंडी पाय लागला आणि परसरामचं डोकं फुटलं. परसराम वाचला, पण टाके बरेच पडले आणि गुन्हा मोठा लागला. खालच्या कोर्टानं एकदा जामीन नाकारला होता.

तर त्या दुपारी योगेंद्रला पुन्हा त्या खोलीत बोलावलं. बोलावणं इतरही काहींना आलं होतं, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. रत्नमालाबाईंनी दार लोटून घेतलं.

"एचआयव्ही नाही," त्या आधी म्हणाल्या. "बी कावीळ नाही. सी कावीळ म्हणतात, हेपॅटायटीस सी, त्याची खूण रक्तात दिसते. पण ही पहिली टेस्ट आहे. कधी कधी विषाणू येऊन आपोआप निघून गेलेला असतो आणि खूण तेवढी राहते. आता पुन्हा रक्त घेऊ, ते मोठ्या लॅबला पाठवू. विषाणू अजून अंगात आहे की नाही ते त्यात कळेल."

"अन् असला तं?"

"तर बारा आठवडे गोळ्या. बहुतेक सगळे पूर्ण बरे होतात. पूर्वीसारखं राहिलं नाही आता."

त्यानं मान हलवली. त्याला स्वतःचं फारसं काही वाटत नव्हतं, याचं त्यालाच नवल वाटलं. बत्तीस वर्षांचा धडधाकट माणूस, भूक चांगली लागत होती, कुठं दुखत नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढं दुसरंच येत होतं. मनगटं, दंड, खांदे, पोटऱ्या. एकापाठोपाठ एक, सुईखाली धरलेले.

"मॅडम, माह्या सुईनं लोकायले झाला असंल तं?"

"झाला असेल, नसेलही. तुम्हाला दुसरीकडून कुठून आलाय की काय तेही माहीत नाही. तपासल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही."

"तपासाले तं त्यायले मालूम पायजे."

"हो," रत्नमालाबाई म्हणाल्या. "ते आहेच." आणि त्यावर त्यांनी जोर दिला नाही. त्या दर गुरुवारी येत होत्या. पुढच्या गुरुवारी बोलू म्हणाल्या. एका ताटात जेवल्यानं, एका माठातलं पाणी प्यायल्यानं, जवळ बसल्यानं हे होत नाही, पण वस्तरा आणि दात घासायचा ब्रश कोणाला देऊ नका, एवढं दोनदा सांगून त्या उठल्या.

पुढच्या सोमवारी त्याची बायको डिंपल मुलाखतीला आली. आंबागडहून तुमसर, तुमसरहून भंडारा, असं दोन गाड्या बदलून ती महिन्यातून दोनदा यायची. मधे काच, दोन्हीकडे फोन. नेहमी ती आधी लेकीचं सांगायची, मग शेताचं, मग वकिलाचं. त्या दिवशी त्यानं तिला बोलू दिलं नाही.

"डिंपल, तुले रक्त तपासा लागते."

"मले? काहून?"

त्यानं जमेल तसं सांगितलं. सांगताना तो फोनच्या वायरशी चाळा करत राहिला. डिंपलनं मनगट उलटं केलं. तिथं त्याच्याच हातचं 'योगेंद्र' होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षी काढलेलं. त्यातल्या 'द्र'ला त्यानं मोठ्या हौसेनं शेपूट काढलं होतं.

"मंजे याच्यातून?"

"झालंच असं नाई. मॅडम म्हंते का तपासल्याबिगर सांगता येत नाई."

"अन् पोरगीले?"

"मॅडमले इचारलं मीनं. लेकराले बहुतेक नाई होत म्हंते, आईले असला तरच पाहा लागते. पयले तुह्यं."

डिंपलनं फोन खाली ठेवला. पदरानं नाक पुसलं, बाजूला पाहिलं. तिथं दुसरी एक बाई काचेपलीकडच्या आपल्या माणसाला काहीतरी सांगत हसत होती. योगेंद्रला वाटलं ही आता उठून जाते. तसं झालं असतं तर तिला दोष देता आला नसता. पण तिनं फोन परत कानाला लावला आणि विचारलं, "कुठी तपासतेत? भंडाऱ्यालेच येवा लागते का तुमसरात होते?"

"तुमसरात होते."

"मंग उद्या जातो." मग तिनं विचारलं, "तृप्तीच्या पाठीवर फुलपाखरू कोन काढलं होतं?"

तृप्ती तिची धाकटी बहीण. साकोलीला लग्न ठरलं होतं, एप्रिलची तारीख होती. फुलपाखरू कोणी काढलं ते दोघांनाही माहीत होतं.

"तिलेबी नेतो," डिंपल म्हणाली. "सांगतो का लग्नाआधी सगळे तपासतेत म्हनून."

पुढचे तीन दिवस योगेंद्र आठवत राहिला. सकाळी अंघोळीच्या रांगेत, दुपारी वामकुक्षीला पडल्यावर, त्याचं हेच चालू. नावं आठवत नव्हती, चित्रं आठवत होती. चित्रावरून हात आठवायचा, हातावरून तोंड, तोंडावरून गाव. पोटरीवर नाग काढून घेणारा तो उंच माणूस, आष्टीचा. एकाच दिवशी तीन भाऊ आले होते, तिघांच्या दंडावर 'आई'. एक म्हातारी, ताराबाई, तिच्या कपाळावरचं आईच्या काळातलं गोंदण पुसट झालं होतं, ते तिनं उजळून घेतलं होतं आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला होता. ती आठवली तेव्हा त्याचं जेवण तसंच राहिलं.

गुरुवारी रत्नमालाबाई आल्या तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, लिवून घ्या. मी सांगतो."

त्या लिहीत गेल्या. काहींची पूर्ण नावं, काहींची अर्धी, काहींचं नुसतं गाव आणि चित्र. सत्तावन माणसं झाली. एका जागी त्या थांबून म्हणाल्या, "खांद्यावर अशोकचक्र, विनोद, चिखला. हा कोण?"

"तो दोस्त आहे माहा. मॅंगनीजचा ट्रक चालवते. मशीन आनली त्या दिवशी पयला तोच बसला. चोवीस आऱ्या पायजे होत्या, माह्याच्यानं तेवीसच झाल्या. तो अजून चिडवते मले. त्याच्यावर काढून झाल्यावर त्याच सुईनं मीनं माह्या मांडीवर काढून पाह्यलं."

यादी संपली. रत्नमालाबाईंनी टोपण लावायला घेतलं, तसा तो म्हणाला, "अजून एक आहे."

"सांगा."

"परसराम. ज्याचं डोकस्कं फोडलं मीनं. त्याच्या दंडावर बी माह्याच हातचं आहे. पन त्याची केस आहे माह्यावर, मॅडम. उद्या त्याचा वकील म्हनंल का तुरुंगातून दबाव आनून राहिला. नाईतर म्हनंल का यानं रोगबी देला, हेबी लावा. जमानत होनार नाई मंग."

"तुमच्या केसशी माझा काही संबंध नाही," त्या म्हणाल्या. "सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मला तो एक माणूस आहे, ज्याला ती सुई टोचली."

योगेंद्रनं बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं. एक शिपाई नळाखाली बादली ठेवून उभा होता. मग त्यानं परसरामचं गाव, आडनाव, बापाचं नाव, सगळं नीट सांगितलं. गुन्ह्याच्या कागदांवर वाचून वाचून ते त्याला पाठ झालं होतं.

"तुमचं नाव आम्ही कोणाला सांगणार नाही," रत्नमालाबाई यादीची घडी घालत म्हणाल्या. "मंडईत ज्यांनी गोंदवून घेतलं असेल त्यांनी यावं, असं सगळ्यांसाठीच शिबिर लावू. आंबागडला एक, चिखल्याला एक."

"तसं कोनी येनार नाई जी."

"का?"

"मंडईत गोंदवनारे लय आहेत. जो तो म्हनंल, मीनं दुसऱ्याजवळ गोंदवलं, माहा काय संबंध. तुमी माहं नाव सांगा. योगेंद्र पेंटरजवळ ज्यानं ज्यानं काढलं त्यानं या, असं सांगा. अन् मले निघाला आहे, तेबी सांगा. मंग येतीन."

रत्नमालाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. पंधरा वर्षांत आपला आजार लपवा म्हणून हात जोडणारी माणसं त्यांनी शेकड्यांनी पाहिली होती. सांगा म्हणणारा विरळाच. "एकदा सांगितलं की परत घेता येणार नाही," त्या म्हणाल्या. "घरच्यांनाही लोक बोलतील. आठ दिवस विचार करा. बायकोला विचारा."

डिंपलचा आणि तृप्तीचा रिपोर्ट अजून यायचा होता. तिला विचारलं तेव्हा ती फक्त म्हणाली, "लोक तसेबी बोलूनच राहिले." त्यानं संमतीच्या कागदावर सही केली. सहीसुद्धा वळणदार आली.

मार्चच्या मध्यात त्याचा मोठा रिपोर्ट आला. विषाणू अंगात होता. दुसऱ्याच दिवसापासून गोळ्या सुरू झाल्या. रोज सकाळी कारागृहाच्या दवाखान्यात जायचं, कंपाउंडरसमोर दोन गोळ्या गिळायच्या, वहीत सही करायची. पहिले काही दिवस डोकं दुखलं, मग तेही थांबलं. आंबागडचं शिबिर झालं, चिखल्याचं झालं, एवढं त्याला कळलं होतं. किती आले, कोणाला काय निघालं, हे रत्नमालाबाई सांगत नव्हत्या.

"निस्तं एवढं सांगा मॅडम, लय निघाले का?"

"एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला नाही सांगता येत, योगेंद्रभाऊ. तुमचा मी सांगितला असता तर चाललं असतं का?" मग त्याचा चेहरा पाहून त्या एवढंच म्हणाल्या, "लोक आले. पुष्कळ आले. तुम्ही नाव दिलं म्हणून आले."

त्यामुळे पहिली बातमी घेऊन आली ती डिंपलच. काचेपलीकडे बसली, फोन उचलला, आणि नेहमीसारखं लेकीपासून सुरू न करता म्हणाली, "मले नाई."

"काय?"

"मले नाई निघाला. तृप्तीलेबी नाई. दोघीचे बी रिपोर्ट साफ आहेत. म्हनून पोरगीचं पाहाची जरूरत नाई म्हने डॉक्टर."

योगेंद्रनं फोन कानाला तसाच धरला. तिनं काचेवर बोट वाजवलं. "आयकू येऊन राहिलं का तुमाले?"

"येऊन राहिलं," तो म्हणाला. "अजून एकडाव सांग."

तिनं पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं आणि मग हसली, तो तुरुंगात आल्यापासून पहिल्यांदा. शिबिरात काय काय झालं ते मग तिनं सगळं सांगितलं. ताराबाई काठी टेकत आल्या होत्या आणि पोरगं निदान खरं बोललं म्हणाल्या. दोनचार जणांनी शिव्याही दिल्या. एकजण तिच्या घरापुढं येऊन बोलून गेला, ते तिनं ऐकून घेतलं.

"अन् परसराम?" त्यानं विचारलं.

"तो नवता आला पयल्यांदा. मंग आठ दिवसांनी दोघं नवराबायको तुमसरात आले, मी तृप्तीचा रिपोर्ट आनाले गेलो होतो तवा. केशरबाई माह्याजवळ येऊन बसली. त्याले नाई निघाला म्हने. तिलेबी नाई." डिंपलनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "तो मातर बोलला नाई माह्याशी. तिकडं तोंड करून उभा होता."

"कायले बोलंल तो," योगेंद्र म्हणाला. त्याला त्याचा राग आला नाही. परसरामचा दंड साफ होता, तेवढंच त्याच्या डोक्यात भिनत होतं. फोडलेलं डोकं त्याच्या नावावर होतंच, त्यात आणखी भर पडली नव्हती.

आणखी पंधरा दिवसांनी त्याला मुलाखतीचं बोलावणं आलं आणि काचेपलीकडे विनोद बसलेला दिसला. खांद्यावर टॉवेल, दाढी वाढलेली, थेट ट्रकवरून उतरून आल्यासारखा. विनोद एवढ्या लांब नुसता भेटायला येणार नव्हता. त्यानं फोन उचलला.

"काय गा पेंटर," विनोद म्हणाला. "मले निघाला ना."

योगेंद्रनं मान खाली घातली. ह्या क्षणाची त्यानं इतक्या वेळा कल्पना केली होती, पण बोलायचे शब्द एकदाही तयार केले नव्हते. "माफ कर, भाऊ," तो म्हणाला. "मले मालूम नवतं."

"थांब, आयकून तं घे. मीनं मॅडमले इचारलं, हा मले कवापासून असंल? ते म्हंते, सांगता येत नाई, धा वर्षापासूनबी राहू शकते. आता तूच सांग. तुही मशीन आली पाच सालाआधी. मी लहान होतो तवा आमच्या गावात एक डॉक्टर सायकलवर येत होता. डॉक्टर कायचा, झोळीवाला. एकच सुई, सगळ्या मोहल्ल्याले. टायफाइडमधी मले त्यानं पंधरा दिवस टोचलं. अन् तुह्या मशीनवर पयला मी बसलो. माह्या मागून तू सोताच्या मांडीवर काढलं. बराबर?"

"बराबर."

"तं मले तुह्यापासून झाला का तुले माह्यापासून?"

योगेंद्रनं वर पाहिलं. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन महिने तो एकाच दिशेनं विचार करत बसला होता.

"मॅडमले तेबी इचारलं मीनं," विनोद म्हणाला. "ते म्हंते, शोधून काय करता, दोघंबी गोळ्या खा. माह्या चालू झाल्या सोमवारपासून. गाडीत डबा ठेवतो, खानीवर पोचलो का घेतो. तुह्या किती राहिल्या?"

"सहा हप्ते."

"मंजे तू पयले बरा होशीन." विनोदनं टॉवेलनं मान पुसली. "माह्या घरच्यायचं साफ आहे, बायको, दोघं पोरं. बस, तेच सांगाले आलो. तू इथं बसून भलतंच काई डोकस्क्यात घेऊन राहशीन, हे मले मालूम होतं."

योगेंद्रला रडू आलं आणि त्यानं ते आवरलं नाही. विनोद काचेपलीकडे अवघडल्यासारखा इकडंतिकडं पाहत बसला, मग म्हणाला, "ती चोवीसवी आरी मातर राहिलीच बे," आणि दोघंही हसले.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात जिल्हा कोर्टानं योगेंद्रला जामीन दिला. केस चालू राहणार होती, दर सोमवारी ठाण्यात हजेरी होती. सुटताना उरलेल्या गोळ्या आणि सरकारी दवाखान्याच्या नावाची चिठ्ठी त्याच्या हातात दिली. घरी पहिल्या सकाळी डिंपलनं चहाच्या आधी गोळ्यांचा डबा त्याच्यापुढं ठेवला. लेक आठ दिवस त्याच्या जवळ आली नाही, मग एकदम मांडीवर येऊन बसली आणि उठेना.

मशीन पोलिसांकडे जमा होतं, आणि नसतं तरी त्यानं ते हातात घेतलं नसतं. रत्नमालाबाईंच्या सांगण्यावरून तो त्याच्या ओळखीच्या तिघा गोंदवणाऱ्यांकडे जाऊन आला. प्रत्येकाला नवी सुई, प्रत्येकाला वेगळी शाई, हे त्यानं त्यांना समजावून सांगितलं. दोघांनी ऐकलं. तिसऱ्यानं, तुरुंगातून आला अन् आम्हाला शिकवतो काय, म्हणून हाकलून दिलं. त्याच्याकडे तो पुन्हा जाणार होता.

गोळ्या जूनमध्ये संपल्या. पण त्यानंतर आणखी बारा आठवडे थांबून रक्त तपासायचं असतं, तेव्हाच विषाणू गेला असं म्हणता येतं. ते तीन महिने धानाच्या कामात गेले. चिखलात वाकून भाताच्या रोपांचे परे लावताना तो विसरायचा, बांधावर बसला की आठवायचं.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तो रिपोर्ट घ्यायला भंडाऱ्याला गेला. रत्नमालाबाईंच्या खोलीबाहेर बाकावर सातआठ माणसं होती. त्याचा नंबर आला तेव्हा त्यांनी कागद आधीच काढून ठेवला होता. त्या एरवी तोंडावरून काही कळू देत नसत, पण आज त्यांनी तो आत यायच्या आधीच चष्मा काढला होता.

"विषाणू आढळला नाही," त्या म्हणाल्या. "संपलं, योगेंद्रभाऊ."

"पूरा संपला?"

"पुरा. पण नव्यानं होऊ शकतो, म्हणून सुई, वस्तरा जपायचं. बाकी आता माझ्याकडे यायची गरज नाही."

त्यानं कागद घेतला, उलटसुलट केला, त्यातलं इंग्रजी वाचता येईल तेवढं वाचलं. काहीतरी बोलावं असं वाटत होतं. "मॅडम, विनोदचं…"

"विनोदचं विनोदला विचारा," त्या म्हणाल्या, आणि हसल्या.

बाहेर येऊन त्यानं विनोदला फोन लावला. तो ट्रकवर होता. त्याची तपासणी महिन्याभरानं होती. "तुह्यं साफ निघालं तं माह्यं कसं नाई निघनार," तो इंजिनाच्या आवाजावरून ओरडून म्हणाला. मग योगेंद्रनं डिंपलला फोन केला. ती शेतात होती. पलीकडून बायांचं बोलणं ऐकू येत होतं.

"नाई निघाला," तो म्हणाला.

तिनं बाजूच्या बायांना गप्प केलं. मग म्हणाली, "बरं. मंग चारची गाडी भेटते का पाहा. येतानी पोरगीसाठी काई घेऊन या."

त्यानं स्टँडसमोरच्या गाड्यावरून पाव किलो जिलेबी बांधून घेतली आणि तुमसरच्या गाडीत खिडकीजवळ बसला. गाडी शहराबाहेर पडायच्या आधीच त्याचा डोळा लागला. वरठी कधी गेलं, मोहाडी कधी गेलं, त्याला कळलं नाही. तुमसरला सगळे उतरले तरी तो झोपलेलाच होता. कंडक्टरनं खांद्याला धरून हलवलं.

"अजी उठा. तब्येत बरी नाई का?"

योगेंद्र दचकून उठला, जिलेबीची पिशवी चाचपली. "बरी आहे जी," तो म्हणाला, आणि आंबागडची गाडी पाहायला खाली उतरला.